असा परिवार आहे

“एक न्हाई, दोन म्हणा. एवढंच सांगायला आलोय मी.”

जिना चढून आलेल्या बाईला धाप लागली होती. तिशी ओलांडलेली, अंगावर घरातला सुती ड्रेस, हातात फक्त मोबाईल. पर्स नाही, पिशवी नाही. घरात जशी होती तशी उठून आलेली माणसं ललितानं या जिन्यावर पुष्कळ पाहिली होती. मयताची बातमी द्यायला येणारे असेच यायचे. आता कुणी येत नाही, मजकूर मोबाईलवर पाठवतात. म्हणून तर ललिता खुर्चीतून अर्धवट उठली.

“कशातलं दोन?”

“मुली. गुंडू भरमा नांदवडेकर, नेसरी. दुपारी तुमीच सांगितलासा की. पश्चात पत्नी, एक मुलगा, एक मुलगी, सून, नातवंडं असा परिवार आहे.” तिनं श्वास घेतला. “मी संयोगिता. थोरली लेक त्यांची. दोघी हाय आमी.”

ललितानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. भिंतीवरच्या टीव्हीत दुपारचं बातमीपत्र पुन्हा लागलं होतं. निळी साडी नेसलेली, केस काळेभोर असलेली ललिता त्यात कोणत्या भागात उद्या पाणी येणार नाही ते सांगत होती. संयोगिता पाणी पिता पिता एकदा टीव्हीकडं आणि एकदा समोरच्या पिकल्या केसांच्या बाईकडं बघू लागली.

“जुनं लावलंय व्हय?”

“न्हाई. आजचंच हाय.”

“मग तुमी?”

“ती मी न्हवं. कॉम्प्युटरनं केलीया.”

संयोगितानं मान डोलावली. तिला कळलं नव्हतं, आणि कळून घेण्याइतकं लक्षही नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात बेंगळूरहून दोघंजण आले होते. त्यांनी ललिताला दिव्यांसमोर बसवून सगळं वाचून घेतलं. आकडे, वार, महिने, जिल्ह्यातल्या गावांची नावं. तेच हसून, तेच न हसता. मालक पृथ्वीराज म्हणाला होता, “ताई, तुमी आजारी पडलासा, गावाला गेलासा तर उपयोगाला येईल.” ललिता आजारी पडली नाही, गावालाही गेली नाही. तरी दसऱ्यापासून सकाळ-दुपारची बातमीपत्रं ती दुसरी देऊ लागली, आणि या आठवड्यापासून संध्याकाळचंही तिच्याकडं गेलं. पृथ्वीराजनं ललिताला काढलं नाही, हे खरं. त्यानं तिला फोनवर बसवलं. फोन फारसा वाजत नव्हता.

‘दिवटी’ चॅनेलची सुरुवातच मयताच्या बातमीनं झाली, हे आता सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. पृथ्वीराजचे वडील केरबाअण्णा यांचं राजारामपुरीत आठव्या गल्लीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी गच्चीवर तबकडी बसवली, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर वायर ओढली आणि आजूबाजूच्या गल्ल्यांना रोज एक सिनेमा दाखवायला सुरुवात केली. एका संध्याकाळी गल्लीतले गिरणीवाले वारले. त्यांचा मुलगा दुकानात येऊन म्हणाला, “अण्णा, सगळी तुमचा सिनेमा बघत बसल्यात. दार वाजवलं तर उठंना कोण. आता घरोघर सांगू कसं?” अण्णांनी सिनेमा थांबवला. पाटीवर खडूनं नाव आणि रक्षाविसर्जनाची वेळ लिहिली आणि लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा पाटीसमोर धरला. दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्यांच्या रक्षेला एवढी माणसं जमली की घाटावर उभं राहायला जागा नव्हती.

पुढं बातम्या आल्या, तालमींच्या कुस्त्या आल्या, गणपतीची मिरवणूक आली, पुराच्या दिवसांत नदीवर लावलेला कॅमेरा आला. पण लोक टीव्ही लावायचे ते पाटीसाठी. कोण गेलं आणि रक्षा किती वाजता, हे कळल्याशिवाय निम्म्या कोल्हापूरला जेवण जात नव्हतं.

एकदा पाटीवर वेळ चुकली. सीमाभागातून गाडी करून आलेले पावणे घाटावर पोचले तेव्हा रक्षा नदीत जाऊन माणसं घरी परतली होती. ते पावणे तसेच दुकानात आले. काय काय बोलले ते अण्णांनी कधी कुणाला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन नियम केले. पहिला, मजकूर आला की घरच्यांना फोन करून वाचून दाखवायचा आणि त्यांनी ‘बरोबर’ म्हटल्यावरच हवेत सोडायचा. दुसरा, घरच्यांनी दिलं तेच वाचायचं. आपण कुणाच्या घरात शिरायचं नाही.

या वाचून दाखवण्यासाठीच त्यांनी खालच्या एसटीडी बूथवर बसणाऱ्या ललिताला वर बोलावलं. तिचा आवाज फोनवर स्वच्छ लागायचा. मग फोनवरून ती कॅमेऱ्यासमोर गेली. ‘मी येतो, मी जातो’ म्हणणारी ललिता कॅमेऱ्यासमोर ‘येते, जाते’ म्हणायला शिकली. पहिल्याच दिवशी पडद्यावर नाव टाकताना अण्णा म्हणाले, “आडनाव नको. ललिता बास.” तिला ते आटोपशीर वाटलं होतं. पुढं गावातल्या बायका तिला हौसेनं हळदीकुंकवाला बोलवायच्या, मग आडनाव विचारायच्या, मग पुढच्या वर्षी बोलवायच्या नाहीत. तेव्हा तिला अण्णांचं म्हणणं नीट कळलं.

“तुमाला घरातनं कुणी कळवलं न्हाई?” ललितानं विचारलं.

“कोण कळवणार? लग्न केल्यापासनं कोण बोलत न्हाई. मलकापुरात असतो आमी. मिस्टर शाळेत शिक्षक हायत. प्रसेनजीत नाव त्यांचं.”

ललिताच्या भाच्याचं नावही प्रसेनजीतच होतं. तिनं पुढं काही विचारलं नाही.

“गावातलं सगळं मला तुमच्याकडनंच कळतं,” संयोगिता म्हणाली. “रोज बघतो मी मोबाईलवर. आमचा चुलता गेला, तुमी सांगितलासा. शेजारची अंबूबाई गेली, तुमी सांगितलासा. तुमचा आवाज लागला की मिस्टर पोरीला म्हणतात, गप बस, आईच्या गावचं काय असंल. आज भाकरी थापत हुतो. आप्पांचं नाव आलं. मला वाटलं दुसरं कोण असंल. मग तुमी भरमा म्हणालासा. शेजारणीला गॅस बंद कर म्हणालो आन् यष्टीत बसलो.”

आज ते मी म्हणाले नव्हते, असं ललिताच्या ओठांवर आलं. पण त्यानं काय होणार होतं? बापाची बातमी या पोरीला ज्या तोंडानं सांगितली ते तोंड ललिताचंच होतं.

“आता नेसरीला जाणार का?”

“त्येच तर.” संयोगिता पुढं सरकली. “यष्टीत गावचं एक माणूस भेटलं, त्येनं सांगितलं. काल दिवस मावळताना गेले, रात्रीच अग्नी दिला. उद्या सकाळी रक्षा. तोंड तर गेलंच बघायचं. रक्षेला तरी जावं म्हणतो. पण कोण म्हणून जाऊ? नेसरीत सगळी तुमचंच बघत्यात, ताई. टीव्हीवर दोन मुली म्हणला असता तर मी ताठ गेलो असतो. सगळ्या गावानं ऐकल्यावर कोण हात धरून बाहेर काढलं नसतं. आता तुमी एक म्हणालायसा. आता गेलो तर दादा म्हणंल, टीव्हीवर ऐकलं न्हाईस व्हय, एकच हाय ती.”

ललितानं घड्याळाकडं पाहिलं. सातच्या बातमीपत्राला अजून वेळ होता. निधन वार्ता त्यात पुन्हा लागणार होत्या, आणि सगळ्यात जास्त माणसं सातचंच बघतात.

ती पृथ्वीराजच्या खोलीत गेली. पृथ्वीराज वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मधे फोन आला तो घेतला नाही.

“ताई, मजकूर त्यांच्या मुलानं पाठवलाय. आपण बदलायचा न्हाई. हा अण्णांचाच नियम की.”

“अण्णांचा अजून एक नियम हुता. वाचून दाखवायचा.”

“आता कुणाला वाचून दाखवायचं? पोरगा स्वतः टाइप करून पाठवतोय. त्यात आपली चूक होणारच कशी?”

“चूक आपली न्हाईच. म्हणून तर विचारतोय.” घाईत असली की तिची जुनी बोली बाहेर यायची. “आजच्यापुरती निधन वार्ता मी वाचू काय?”

“कुठं बसून, ताई?”

ते खरं होतं. स्टुडिओतले दिवे काढले होते. जिथं टेबल होतं तिथं पृथ्वीराजच्या मेव्हण्यानं पाण्याच्या बाटल्यांचे खोके रचले होते.

“तुमी त्यांच्या घरी फोन करा,” पृथ्वीराज म्हणाला. “व्हय म्हणाले तर आदर्शला सांगा, तो बदलंल. न्हाई म्हणाले तर मात्र आपण हात लावायचा न्हाई. मला न्हाई जमायचं ते.”

फोनकडं परत येताना ललिताला अण्णांची एक युक्ती आठवली. पुष्कळ वर्षांपूर्वी बाजारातले एक अडत व्यापारी वारले होते. त्यांची दोन घरं होती, हे ते वारल्यावर दोन्ही घरांना कळलं. दोन्ही घरची पोरं एकाच वेळी जिन्यात भेटली, आणि ‘पश्चात पत्नी’ म्हणजे कुठली, यावरून एकमेकांच्या शर्टाला धरून वर आली. अण्णांनी सगळ्यांना चहा पाजला. मग पाटीवर लिहिलं, ‘त्यांच्या पश्चात मोठा परिवार आहे.’ कुणाचा आकडा नाही, कुणाचं नातं नाही. दोन्ही घरची पोरं वाचून गप्प झाली आणि एकाच रिक्षातून घाटावर गेली.

ललितानं नंबर लावला. संयोगिता समोर मांडीवर दोन्ही हात ठेवून बसली होती.

“दिवटी चॅनेलमधून ललिता बोलतेय.”

“बोला की ताई.” पलीकडे राजवर्धन होता, संयोगिताचा थोरला भाऊ. मागं माणसांची कुजबुज, भांड्यांचा आवाज. “दुपारी बघितलं आमी सगळ्यांनी. चांगलं वाचलासा. आप्पा तुमच्या बातम्या कधी चुकवत न्हवते.”

“मजकूर एकदा वाचून दाखवते. चूक असेल तर सांगा.”

तिनं वाचायला सुरुवात केली. नाव, गाव. नामवंत शेतकरी, दूध संस्थेचे माजी संचालक. पत्नी बनाबाई, एक मुलगा. मग ती थांबली.

“पुढं एक मुलगी लिहिलंय. दोन पाहिजे का?”

पलीकडची कुजबुज तेवढी ऐकू येत राहिली. मग दार लावल्याचा आवाज आला.

“ती आलीया काय तिथं?”

“आलीया.”

“ताई, तुमाला आमच्या घरात मान हाय. पण मला बहीण एकच. मोना. दुसरी असती तर मी लिवली नसती व्हय?”

“बरं, मग आकडा कशालाच नको. ‘त्यांच्या पश्चात मोठा परिवार आहे’ एवढंच म्हणू. तुमचंही राहील आणि...”

“मोठा परिवार?” राजवर्धनचा आवाज चढला. “ताई, मोठा परिवार म्हंजे काय असतंय ते अख्ख्या जिल्ह्याला ठावं हाय! आमच्या आप्पांचं दुसरं घर हुतं म्हणतील की लोकं. काल माणूस गेलंय आन् आज त्येची अब्रू काढताय व्हय?”

तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. त्या अडत व्यापाऱ्याची गोष्ट महिन्याभरात गावभर झाली होती. त्यानंतर पडद्यावर ‘मोठा परिवार’ दिसला की घराघरांत माणसं एकमेकांना कोपरानं ढोसायची. सरळमार्गी माणसाच्या पोरांनीही ते दोन शब्द नको म्हणून हात जोडले होते. शेवटी अण्णांनीच ते वापरायचं बंद केलं. ललिता हे विसरली नव्हती. फक्त मधे इतकी वर्षं गेली, लोक विसरले असतील, असं तिला वाटलं होतं.

“आईंना देता का फोन?” ती म्हणाली.

“ती बायकांत बसलीया.”

“एकदाच द्या. वाचून दाखवायची पद्धत आहे आमची.”

त्यानं दिला. का दिला कोण जाणे. आप्पा बातम्या चुकवत नव्हते म्हणून असेल.

“कोण? ललिता व्हय? टीव्हीतली?” बनाबाईचा घसा बसला होता.

“व्हय, आई.” ललितानं बातम्यांचा आवाज बाजूला ठेवला. “मजकुरात एक लेक लिवलीया. बरोबर हाय काय?”

म्हातारीचा श्वास ऐकू येत होता. तिच्याजवळूनच राजवर्धन म्हणाला, “अव्वा, सांग की.”

“बरोबर हाय,” बनाबाई म्हणाली. “एकच.”

ललिता फोन कानाला लावून तशीच बसली. पलीकडून फोन ठेवला गेला नव्हता. मग अगदी हलक्या आवाजात, तोंड फोनच्या जवळ आणून म्हातारी म्हणाली, “उनातनं आलीया व्हय गं ती? काय खाल्लंय का तिनं?”

ललितानं उत्तर द्यायच्या आत फोन राजवर्धनच्या हातात गेला. “ऐकलासा न्हवं?” तो म्हणाला आणि त्यानं तो बंद केला.

संयोगिता तिच्या तोंडाकडं बघत होती. “अव्वा हुती?”

“हं.”

“काय म्हणाली?”

“तू जेवलीस काय म्हणून विचारत हुत्या.”

संयोगिताचा चेहरा एकदम उजळला. आणि ललिता पुढं काहीच बोलत नाही हे बघून, तसाच हळूहळू विझला. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

ललितानं आपला डबा काढला. दुपारी निम्मा राहिला होता. दोन चपात्या आणि मेथीची भाजी. तिनं तो संयोगितासमोर सरकवला. संयोगितानं चपातीचा तुकडा मोडला, आणि हातातच धरून ठेवला.

“मला सुतक हाय काय, ताई?”

“म्हंजे?”

“लग्न झालेल्या लेकीला तीन दिवस असतंय. आमच्यात भाजीला फोडणी घालत न्हाईत. पण मी लेक न्हवंच म्हटल्यावर मला हाय काय न्हाई? खाऊ का नको?”

ललिताच्या घरात सुतक पाळत नसत. कुणी गेलं की बुद्धवंदना म्हणायचे, दिवा लावायचे. “तुझी आई खा म्हणालीया,” ती म्हणाली. बनाबाई तसं म्हणाली नव्हती. संयोगितानं तो एक तुकडा खाल्ला आणि डबा बंद केला.

सातला थोडा अवकाश असताना ललिता आदर्शच्या खोलीत गेली. बातम्यांचे मजकूर संगणकात टाकण्याचं काम त्याचं. टाकले की पडद्यावरची निळ्या साडीतली ललिता ते आपोआप वाचायची.

“आदर्श, नेसरीचा मजकूर काढ जरा.”

त्यानं काढला. अक्षरं मोठी करून दाखवली. घरच्यांनी हो म्हटलं तरच बदलायचं, हा पृथ्वीराजचा निरोप त्याला आधीच मिळाला होता, म्हणून तो काही विचारत नव्हता. त्यानं दोन्ही हात उचलून मांडीवर घेतले आणि खुर्ची थोडी मागं सरकवली. ललिताला हात पुरावा इतकी जागा त्यानं केली होती.

“मी काय बघितलं न्हाई, ताई,” तो म्हणाला.

एक शब्द होता. तो पुसून दुसरा लिहायचा, एवढंच. राजवर्धन उद्या, परवा जिना चढून आला असता. ललितानं त्याचं ऐकून घेतलं असतं, पृथ्वीराजचंही ऐकून घेतलं असतं. तिचा हात टेबलाच्या कडेपर्यंत गेला. पण ती जन्मभर घरच्यांना विचारून वाचत आली होती, आणि घरच्यांनी सांगितलं होतं. म्हातारीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. ते कसं सांगितलं, कोण शेजारी उभं होतं, हे मजकुरात कुठं लिहितात? उद्या सकाळी माणसांनी भरलेल्या त्या घरात राजवर्धन आईलाच विचारणार होता, तूच टीव्हीवाल्यांना दोन म्हणालीस काय.

“राहू दे,” ललिता म्हणाली.

आदर्शनं खुर्ची पुढं ओढली.

बाहेर येऊन ती संयोगिताच्या शेजारी बसली. दोघी भिंतीवरच्या टीव्हीकडं बघू लागल्या. आधी रस्त्यांच्या खड्ड्यांवरून झालेलं आंदोलन, मग ऊसतोडीची बातमी, मग निधन वार्ता. निळ्या साडीतल्या ललितानं हात जोडले. खरी ललिता नावं वाचताना दोन नावांच्या मधे थांबायची. ऐकणाऱ्याला ‘अरे’ म्हणायला वेळ मिळावा म्हणून अण्णांनी तिला तसं शिकवलं होतं. बेंगळूरच्या लोकांनी ते थांबणं घेतलं नव्हतं. ही दुसरी एका माणसावरून दुसऱ्या माणसावर सरळ जात होती.

“नेसरी येथील नामवंत शेतकरी, दूध संस्थेचे माजी संचालक गुंडू भरमा नांदवडेकर यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी बनाबाई, एक मुलगा, एक मुलगी, सून, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ वाजता नेसरी येथे आहे.”

संयोगिता हलली नाही. शाळेत हजेरी घेताना आपलं नाव यायची वाट बघावी तशी ती मान वर करून ऐकत होती. हजेरी संपली. पडद्यावर शीतपेयाची जाहिरात लागली तेव्हा ती म्हणाली, “आवाज मात्र तुमचाच हाय.”

“व्हय,” ललिता म्हणाली.

दोघी जिना उतरून खाली आल्या. राजारामपुरीत ती क्लास सुटायची वेळ. पोरापोरींच्या गाड्यांनी रस्ता भरून गेला होता, रिक्षा थांबत नव्हत्या. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानासमोर चिमणाबाई भाजी घेऊन बसायची. दुकानातला टीव्ही तिला भाजीच्या पाट्यांवरून मान वळवली की दिसायचा. दिवसभर तिचा एक कान तिकडंच असे.

“आगं ललिता!” ती ओरडली. “आत्ता तर टीव्हीवर हुतीस. बातमी सपली न्हाई तवर खाली पण आलीस? पंख फुटल्यात काय तुला?”

“फुटल्यात की,” ललिता म्हणाली.

“निळं लुगडं मात्र झ्याक दिसतंय. वयानं धा वर्सानं उतरलीस बघ.” चिमणाबाईनं पाण्याचा हबका भाजीवर मारला. “नेसरीचं कोण म्हातारं गेलं म्हणं. एक लेक म्हणालीस. चला, एक तरी हाय गळा काढायला. पोरगं काय रडतंय?”

संयोगिता रस्त्याकडं तोंड करून उभी होती. तिनं मान वळवली नाही.

“दोन हायत,” ललिता म्हणाली.

“आँ?”

“दोन लेकी हायत त्यांना. चुकलं माझं.”

“तुझं चुकलं?” चिमणाबाईनं हातातला पाण्याचा डबा खाली ठेवला. “इतक्या वर्सांत कधी चुकली न्हाईस ती. त्या माणसाची रक्षा उद्या, आन् तू लेकच गाळलीस? काय वाटलं असंल गं त्या पोरीला?”

ललितानं येणाऱ्या रिक्षेला हात केला. ती थांबली नाही.

“उद्या सांग बाई टीव्हीवर, चूक झाली म्हणून. अण्णा असता तर तुला पाटी घेऊन दारोदार हिंडवलं असतं.” मग तिचं लक्ष संयोगिताकडं गेलं. “ही पावणी कोण?”

ललितानं संयोगिताकडं पाहिलं. संयोगिता तोंड वळवून म्हणाली, “थोरली.”

चिमणाबाई तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं आपल्या शेजारचं पोतं झटकलं, नीट पसरलं. “बस बाई,” ती म्हणाली. “रिक्षा येईस्तवर बस.”

संयोगिता पोत्यावर बसली नाही, पण पोत्याजवळ जाऊन उभी राहिली. तेवढ्यात एक रिक्षा थांबली. रिक्षावाल्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, “कुठं, ताई?”

“स्टँडवर.”

स्टँडवरून मलकापूरला गाडी होती आणि नेसरीच्या वाटेवरच्या गडहिंग्लजलाही होती. ललितानं विचारलं नाही. तिनं डब्यातल्या चपात्या कागदात गुंडाळून खाली आणल्या होत्या, त्या संयोगिताच्या हातात दिल्या. संयोगितानं त्या घेतल्या, मोबाईलबरोबर एकाच हातात धरल्या. रिक्षा गाड्यांच्या गर्दीत शिरली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

दुकानातल्या टीव्हीत निळ्या साडीतली ललिता उद्याचं हवामान सांगत होती. चिमणाबाईकडं एक बाई येऊन मेथीची जुडी निवडत होती. स्कूटर चालूच, एक पाय रस्त्यावर.

“नेसरीचं म्हातारं गेलं त्येला लेकी दोन हायत म्हणं,” चिमणाबाई तिला सांगू लागली. “टीव्हीवर एक म्हणालंय, ते चुकीचं हाय. माझ्या डोळ्यांनी बघितली मी थोरली, हितं उभी हुती...”

बाईनं मेथी पिशवीत टाकली, पैसे पोत्यावर ठेवले आणि स्कूटर पुढं काढली. चिमणाबाई पुढं होऊन, रस्त्याच्या आवाजावर आवाज चढवून, राहिलेलं सांगत राहिली.